चिखलानं जपलेली छावणी: विंडोलँडाचं म्युझियम कसं बघावं

रोमन साम्राज्याची सीमा बघायला उत्तर इंग्लंडात जाणारे बहुतेक जण हेड्रियनची भिंत गाठतात, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि परततात. भिंत देखणी आहे, वादच नाही. पण त्या सीमेवर माणसं राहिली कशी, हे जाणून घ्यायचं असेल तर भिंतीच्या दक्षिणेला दीडेक किलोमीटरवर विंडोलँडा नावाची छावणी आहे, तिथं अख्खा दिवस काढायला हवा. छावणीच्या उताराखाली, ओढ्याकाठच्या एका जुन्या घरात तिचं म्युझियम आहे. सोनंनाणं तिथं फारसं नाही. झिजलेले जोडे आहेत, शाईनं लिहिलेल्या लाकडाच्या ढलप्या आहेत, संडासाची लाकडी बैठक आहे, पोरांच्या खेळण्यातल्या तलवारी आहेत. रोमन सैन्याबद्दलची अभ्यासकांची समजूत गेल्या पन्नास वर्षांत ज्या वस्तूंनी बदलली, त्यांतल्या कितीतरी या घरात आहेत. मात्र त्यांच्यापाशी थांबायचं कशासाठी हे आधी माहीत नसेल, तर माणूस दहा मिनिटांत बाहेर येतो. म्हणून हा लेख.

सीमा म्हणजे नेमकं काय

दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्याची हद्द ब्रिटनच्या किनाऱ्यापासून निघून ऱ्हाइन आणि डॅन्यूब नद्यांच्या कडेनं काळ्या समुद्रापर्यंत, तिथून खाली तांबड्या समुद्राकडे आणि मग उत्तर आफ्रिकेतून पुन्हा अटलांटिकपर्यंत जात होती. ही लांबी पाच हजार किलोमीटरच्या वर भरते. बऱ्याच ठिकाणी नदी किंवा वाळवंट हीच हद्द असे. ब्रिटनमध्ये मात्र सम्राट हेड्रियननं भिंत बांधायला घेतली, इसवी सन १२२ मध्ये. पूर्वेला टाइन नदीकाठच्या आजच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉल्वे खाडीवरच्या बोनेसपर्यंत सुमारे ११७ किलोमीटर, म्हणजे ८० रोमन मैल. दर रोमन मैलाला दरवाजा असलेली एक छोटी गढी आणि दोन गढ्यांच्या मध्ये दोन टेहळणी बुरूज. पश्चिमेकडचा भाग सुरुवातीला मातीच्या ढेकळांचाच रचला होता, तो पुढे दगडात बांधला गेला.

‘रानटी लोकांना रोमनांपासून वेगळं ठेवण्यासाठी’ हेड्रियननं भिंत घातली, असं त्याच्या खूप नंतर लिहिलेल्या एका चरित्रात म्हटलं आहे. पण माणसं अडवायचीच असती तर दर मैलाला दरवाजा कशाला ठेवला असता? शत्रूची मोठी फौज चालून आली तर एवढ्या लांबीवर विखुरलेले पहारेकरी ती रोखू शकत नाहीत. भिंतीचा रोजचा उपयोग वेगळा होता. कोण आलं, कोण गेलं, कुणाबरोबर किती गुरं आणि किती माल आहे, यावर नजर ठेवायची, जकात घ्यायची आणि दहा-वीस जणांच्या लुटारू टोळ्यांना सहज आत शिरू द्यायचं नाही. भिंतीच्या दक्षिणेलाही एक रुंद खंदक आहे, दोन्ही बाजूंनी मातीचे बांध असलेला. म्हणजे रोमन राज्यात राहणाऱ्यालाही लष्करी पट्ट्यात वाटेल तिथून घुसता येत नव्हतं.

विंडोलँडा या भिंतीपेक्षा जुनं आहे, हे विसरू नका. इथली पहिली छावणी इसवी सन ८५च्या सुमाराची, म्हणजे भिंतीच्या पस्तीस-चाळीस वर्षं आधीची. तेव्हा कॉर्ब्रिज ते कार्लाइल हा लष्करी रस्ता हीच सीमा होती आणि छावणी त्या रस्त्यावर होती. पुढच्या तीनशेहून जास्त वर्षांत त्याच जागेवर एकीवर एक अशा नऊ छावण्या झाल्या, आधी लाकडी आणि मग दगडी. आज जमिनीवर दिसतात त्या दगडी भिंती शेवटच्या छावण्यांच्या. खरा खजिना त्यांच्याखाली चार ते सहा मीटरवर आहे.

इथं राहणारी शिबंदी कोणती, हेही माहीत हवं. रोमन सैन्यात दोन प्रकार होते. लीजन, म्हणजे रोमन नागरिकांच्या मोठ्या पलटणी. भिंत बांधली ती अशा तीन लीजननी. आणि दुसऱ्या, जिंकलेल्या मुलखांतून भरती केलेल्या साहाय्यक पलटणी, पाचशे ते हजार माणसांच्या. सीमेवर रोजचा पहारा या दुसऱ्या प्रकारच्या सैनिकांचा. पंचवीस वर्षं नोकरी केली की त्यांना रोमन नागरिकत्व मिळे. विंडोलँडात बेल्जियमकडचे टुंग्रियन होते, हॉलंडमधले बटाव्हियन होते, पुढे फ्रान्समधले गॉल आले. याच सीमेवर दुसरीकडे सीरियाचे तिरंदाज, टायग्रिस नदीवरचे नावाडी आणि उत्तर आफ्रिकेतले मूर होते. इटलीत जन्मलेला सैनिक इथं विरळाच.

दोन हजार वर्षं टिकलं कसं

चामडं, लाकूड, कापड या वस्तू जमिनीत काही वर्षांत कुजतात. कुजवणारे जिवाणू आणि बुरशी यांना हवा लागते. विंडोलँडात हवाच पोचली नाही. एक पलटण गेली आणि दुसरी आली की जुनी लाकडी छावणी पाडायची, त्यावर चिकणमाती आणि गवताच्या ढेकळांचा जाड थर पसरायचा आणि वर नवी छावणी बांधायची, अशी पद्धत होती. जमीन मुळात पाणथळ, पाऊस भरपूर. त्यामुळे खालचा केरकचरा, जमिनीवर अंथरलेलं वाळकं नेच्याचं गवत, त्यात पडलेले जोडे, हाडं, भांडी, सगळं ओल्या मातीखाली कोंडलं गेलं. लोणच्यावर तेलाचा तवंग राहिला की आत हवा जात नाही आणि लोणचं टिकतं, तसंच हे. तवंग फुटला तर काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. इथं उत्खनन करणाऱ्यांची खरी परीक्षा वस्तू वर आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत असते.

या थरांत इतकी ताजी अवस्था आहे की तबेल्यातल्या माश्यांचे कोशसुद्धा सापडतात. काही वस्तूंवर निळ्या रंगाची पूड दिसते. मातीतलं लोह आणि हाडामांसातलं फॉस्फेट मिळून व्हिव्हियानाइट नावाचं खनिज तयार होतं, ते हवा लागताच निळं पडतं. म्युझियममध्ये एखाद्या चामड्याच्या किंवा हाडाच्या तुकड्यावर निळसर झाक दिसली तर तो रंग कुणी लावलेला नाही, ती या जमिनीची खूण आहे.

ओल्या लाकडाच्या किंवा चामड्याच्या आत पाण्यानंच आकार धरून ठेवलेला असतो. तसंच वाळू दिलं तर वस्तू आक्रसते आणि तडकते. म्हणून प्रयोगशाळेत आतलं पाणी हळूहळू काढून त्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखा मेणचट पदार्थ भरतात, काही वस्तू गोठवून कोरड्या करतात. मोठ्या वस्तूला यात महिनेच्या महिने जातात.

ढलप्यांवरची पत्रं

मार्च १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना एका चरात लाकडाच्या दोन पातळ ढलप्या एकमेकींना चिकटलेल्या मिळाल्या. वेगळ्या केल्यावर आत शाईच्या खुणा दिसल्या आणि उजेड-हवा लागताच काही वेळात त्या काळ्या पडून दिसेनाशा झाल्या. मग अवरक्त किरणांनी फोटो काढले. शाई काजळीची, म्हणजे कार्बनची होती. कार्बन हे किरण शोषून घेतो आणि काळवंडलेलं लाकूड ते परतवतं, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी अक्षरं फोटोत स्पष्ट उमटली. आजवर अशा दीड हजाराहून जास्त ढलप्या मिळाल्या आहेत. बर्च, ऑल्डर अशा झाडांच्या, पोस्टकार्डाएवढ्या, एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या. मधोमध मोडून घडी घालायची आणि बाहेर पत्ता लिहायचा. पपायरस इजिप्तहून आणणं महागात पडे, त्यापेक्षा शेजारच्या झाडाची ढलपी बरी.

यांतल्या बहुतेक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. २०११ पासून काही निवडक ढलप्या विंडोलँडाच्या म्युझियममध्ये खास बंदिस्त कपाटात ठेवल्या आहेत. खोलीत उजेड मंद असतो. पहिल्यांदा बघताना निराशा होते, कारण तपकिरी लाकडावर पुसट रेघोट्यांपलीकडे काही दिसत नाही, आणि लिपीही आपल्या ओळखीच्या रोमन अक्षरांसारखी नाही, घाईत लिहिलेली धावती लिपी आहे. ती वाचायला अॅलन बोमन आणि डेव्हिड थॉमस या विद्वानांनी वर्षानुवर्षं घालवली. तेव्हा शेजारचा अनुवाद आधी वाचा आणि मग ढलपीकडे बघा.

पहिल्यांदा वाचावी ती वाढदिवसाची चिठ्ठी. इसवी सन १००च्या आसपास क्लॉडिया सेवेरा नावाची बाई सुल्पिकिया लेपिडिना या मैत्रिणीला बोलावते आहे. लेपिडिना विंडोलँडातल्या नवव्या बटाव्हियन पलटणीच्या प्रमुखाची, फ्लेव्हियस केरियालिसची बायको. सेवेराचा नवराही दुसऱ्या छावणीवरचा अधिकारी. ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू आलीस तर दिवस अधिक आनंदाचा होईल, असा मजकूर कुणा कारकुनानं वळणदार अक्षरात लिहिला आहे. मग खाली उजव्या कोपऱ्यात वेगळं, थोडं अडखळतं अक्षर लागतं. ते सेवेराचं स्वतःचं. ‘बहिणी, तुझी वाट पाहीन. सांभाळून राहा, माझ्या जिवलगे,’ अशा अर्थाच्या दोन-तीन ओळी. एखाद्या बाईनं स्वतःच्या हातानं लॅटिनमध्ये लिहिलेला इतका जुना मजकूर क्वचितच मिळतो. सर्वांत जुन्यांपैकी हा एक. आजूबाजूला परका मुलूख, बरोबरीच्या बायका दोन-चार आणि त्याही दुसऱ्या छावण्यांत. ती चिठ्ठी वाचताना सीमेवरचा एकटेपणा जितका कळतो तितका कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकातून मला कळला नव्हता.

दुसरी ढलपी हजेरीची आहे, पहिल्या टुंग्रियन पलटणीची, तारीख १८ मे. एकूण माणसं ७५२. त्यांतली ३३७ कोरियाला, म्हणजे आजच्या कॉर्ब्रिजला गेलेली. ४६ जण प्रांताच्या सुभेदाराच्या दिमतीला. एक सेंचुरियन, म्हणजे पलटणीतल्या एका तुकडीचा अधिकारी, लंडनला. असे एकंदर ४५६ गैरहजर. उरले २९६, त्यांत १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. कामाला धड २६५. पलटणीत सहा सेंचुरियन, पैकी पाच बाहेर. आता नकाशावर ‘इथं एक पलटण’ असा ठिपका दिसला की त्यामागं खरोखर किती माणसं असतील याचा अंदाज या एका कागदावरून, म्हणजे ढलपीवरून, बांधता येतो. जखमी ६ आणि डोळे आलेले १०, हा हिशेबही लक्षात ठेवण्याजोगा. लढाईपेक्षा ओल, धूर आणि दाटी यांनीच त्या दिवशी जास्त माणसं अंथरुणाला खिळवली होती.

ऑक्टेव्हियस नावाच्या पुरवठादाराचं पत्र तर आजच्या कुठल्याही व्यापाऱ्यानं लिहावं असं आहे. पाच हजार मोदी (धान्याचं रोमन माप) धान्य मी घेऊन ठेवलंय, निदान ५०० दिनार पाठव, नाहीतर भरलेले तीनशेक दिनार बुडतील आणि माझी अडचण होईल, असं तो भावाला विनवतो. ‘भाऊ’ सख्खा की धंद्यातला, हे सांगता येत नाही. कातडी आणायला कॅटेरिकला मीच गेलो असतो, पण रस्ते खराब आहेत, जनावरांना दुखापत करायची नव्हती, असंही लिहितो. रोमन रस्त्यांची एवढी थोरवी ऐकलेली असते. इथं त्यांच्यावरून रोज गाडी हाकणाऱ्याचं मत मिळतं.

मास्कुलस नावाचा घोडदळातला अधिकारी वरिष्ठांना विचारतो की उद्या आम्ही काय करायचं, सगळ्यांनी परतायचं की अर्ध्यांनी? आणि शेवटी लिहितो, माझ्या माणसांकडची बिअर संपली आहे, पाठवायची व्यवस्था व्हावी. याच मास्कुलसचं रजा मागणारं पत्र २०१७ मध्ये सापडलं, एका चरातून पंचवीसेक ढलप्या एकदम निघाल्या तेव्हा. आणखी एका ढलपीत घरच्या कुणीतरी सैनिकाला पाठवलेल्या सामानाची नोंद आहे: पायमोजे, सपातांचे दोन जोड, आतल्या चड्ड्यांचे दोन जोड. त्या हवेत पायमोज्यांची गरज किती असेल हे तिथं जुलैत गेलेल्यालाही पटतं.

सगळीच पत्रं अशी घरगुती नाहीत. एक अर्ज आहे परदेशातून आलेल्या व्यापाऱ्याचा. त्याला छड्यांनी रक्त निघेपर्यंत मारलं होतं. मी परदेशी माणूस, निर्दोष, गुन्हा केल्यासारखं मला मारलं, पलटणीचा प्रमुख आजारी होता म्हणून त्याच्याकडे जाता आलं नाही, खालच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली तिचा उपयोग झाला नाही, असं तो सांगतो. अर्ज फार मोठ्या माणसाला लिहिला आहे, कदाचित खुद्द हेड्रियनला. ढलपीच्या दुसऱ्या बाजूला धान्याचे हिशेब आहेत, म्हणजे हा कच्चा खर्डा असणार. पक्का अर्ज पोचला का आणि त्याला दाद मिळाली का, त्याचा कुठंही पुरावा नाही. सीमेवरच्या राज्यकारभाराबद्दल शिकवायचं असेल तर मी पहिल्यांदा ही ढलपी दाखवीन.

हा सगळा कागदपत्रांचा ढीग राहिला तो साम्राज्याच्या घाईमुळे. इसवी सन १०५च्या सुमारास बटाव्हियन पलटणीला डॅन्यूबच्या आघाडीवर निघायचा हुकूम आला. जुनी कागदपत्रं बाहेर टाकून पेटवली गेली. आग पुरती लागली नाही, बहुधा पावसानं विझली. अर्धवट जळलेल्या ढलप्या तशाच मातीत गेल्या.

जोडे काय सांगतात

विंडोलँडाच्या संग्रहात पाच हजारांच्या आसपास जोडे आहेत. रोमन साम्राज्यात एका ठिकाणी एवढे कुठंच मिळालेले नाहीत. तळाला लोखंडी खिळे ठोकलेले सैनिकी बूट, घरात घालायच्या सपाता, लाकडी खडावा. म्युझियमनं ते ओळीनं मांडले आहेत. तिथं मापांकडे बघत जा.

रोमन कायद्यानुसार साध्या सैनिकाला नोकरीत असताना लग्न करायची मुभा नव्हती. ही बंदी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट सेप्टिमियस सेवेरसच्या काळात उठली. त्यामुळे छावणीच्या तटाच्या आत फक्त पुरुष, बायकापोरं बाहेरच्या पेठेत, असं चित्र पाठ्यपुस्तकांत असे. पण बंदीच्या काळातल्या थरांत, सैनिकांच्या राहायच्या खोल्यांतून, बायकांचे आणि मुलांचे जोडे निघाले. एखाददुसरा असता तर चुकून पडला म्हणता आलं असतं. इथं ते वारंवार मिळतात. कायदा एक होता आणि संसार चालूच होते. हा निष्कर्ष जोड्यांच्या मापावरून निघाला.

प्रमुखाच्या घराच्या परिसरातून एक बायकी सपात मिळाली आहे, तिच्यावर ‘लूकियस एब्यूटियस थेलीस’ असा कारागिराचा छाप आहे. लेपिडिनाची असावी असं मानतात. त्याच घरातला तान्ह्या बाळाचा बूट बघा. वरच्या चामड्याला जाळीसारखी नाजूक कापणी आणि तळाला मोठ्यांसारखेच खिळे. अजून चालताही न येणाऱ्या पोराला बापासारखा बूट. घरात शिकवणीही चालत असावी. एका ढलपीवर रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातली एक ओळ गिरवलेली आहे आणि पुढं दुसऱ्या हातानं काही अक्षरं. ‘आळशीपणानं केलंय’ असा मास्तरांचा शेरा, असं अभ्यासक ते वाचतात.

चामड्याच्या बाकीच्या वस्तूंतले मुष्टियुद्धाचे दोन पट्टे चुकवू नका. २०१७ मध्ये घोडदळाच्या खोल्यांतून मिळाले, इसवी सन १२०च्या सुमाराचे. आजच्यासारखे पूर्ण हातमोजे नाहीत, बोटांच्या सांध्यांवर बसणाऱ्या, आत भरण घातलेल्या चामडी पट्ट्या आहेत. त्यांतल्या एकात आत बोटांच्या सांध्यांचे ठसे अजून दिसतात. भंगार चामड्याच्या पिशव्या पुन्हा तपासताना सापडलेला चामड्याचा छोटा उंदीरही तिथंच आहे, खेळणं म्हणून कुणीतरी कापलेला.

दगडावरचं कसं वाचावं

अशा म्युझियममध्ये कोरीव दगड असतातच आणि लोक ते बघून पुढं जातात, कारण लॅटिन येत नाही. खरं तर चार-दोन ठरावीक संक्षेप माहीत असले की निम्मा दगड वाचता येतो. वेदीच्या शेवटच्या ओळीत व्ही, एस, एल, एम अशी चार अक्षरं असली तर अर्थ: नवस केला होता, तो खुशीनं आणि रीतसर फेडला. सुरुवातीला देवाचं नाव. आय, ओ, एम असेल तर ‘सर्वश्रेष्ठ ज्युपिटर’. मध्ये नवस फेडणाऱ्याचं नाव आणि त्याची पलटण. थडग्याच्या दगडावर वर डी, एम असेल तर पितरांना अर्पण.

२००९ मध्ये विंडोलँडात मिळालेली वेदी यासाठी उत्तम. चौथ्या गॉल पलटणीचा प्रमुख सुल्पिकियस प्यूडेन्स यानं डोलिकेच्या ज्युपिटरचा नवस फेडला आहे. डोलिके हे आजच्या आग्नेय तुर्कस्तानातलं गाव. बाजूला देव बैलावर उभा आहे, हातात कुऱ्हाड आणि वज्र. फ्रान्सकडच्या नावाची पलटण, तुर्कस्तानचा देव, जागा ब्रिटनची, भाषा लॅटिन. आणखी एक वेदी १९१४ मध्ये मिळाली, अग्निदेव व्हल्कनची. ती सैनिकांची नाही, तटाबाहेरच्या पेठेतल्या रहिवाशांनी वर्गणी काढल्यासारखी एकत्र येऊन उभी केलेली. त्यांनी स्वतःला ‘विंडोलँडाचे गावकरी’ म्हटलं आहे. या जागेचं रोमन नाव पक्कं झालं ते या दगडामुळे.

दगड आणि चिखल यांतला फरक इथं ध्यानात येतो. दगडावर माणूस लोकांनी वाचावं म्हणून लिहितो. पदवी, देव, पलटण सगळं नीटनेटकं. कचऱ्यात गेलेली ढलपी कुणी वाचेल हे लिहिणाऱ्याच्या मनातही नव्हतं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, आणि विंडोलँडात ते एका छताखाली जमतं.

वेळ असेल तर पूर्वेकडे साउथ शील्ड्सच्या अर्बिया म्युझियममधला रेजिना नावाच्या बाईचा दगड बघून या. ती दक्षिण ब्रिटनमधल्या कॅटुव्हेलाउनी जमातीची, आधी गुलाम, मग मुक्त केलेली, वयाच्या तिसाव्या वर्षी वारलेली. नवरा बाराटेस, सीरियातल्या पाल्मिराचा. वर लॅटिन मजकूर आहे, व्याकरणात चुकलेला. खाली पाल्मिराच्या लिपीत एक सुबक ओळ: बाराटेसची मुक्त रेजिना, हाय! परक्या भाषेत रीत पाळली, आणि दुःख आपल्या भाषेत कोरलं.

मिरी

एका हिशेबाच्या ढलपीवर टॅप्पोचा मुलगा गँबॅक्स यानं मिरी घेतल्याची नोंद आहे, किंमत दोन दिनार. काळी मिरी त्या काळी मलबारच्या किनाऱ्यावरून जाई. पावसाळी वाऱ्यावर जहाजं तांबड्या समुद्रात, तिथून उंटांवर नाईल नदीपर्यंत, मग अलेक्झांड्रिया, रोम आणि अखेर ब्रिटनच्या उत्तरेला एका साध्या सैनिकाच्या हाती. त्याच सागरी व्यापारात आपला किनाराही होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण ही बंदरं आणि पैठण, तेर या बाजारपेठांची नावं येतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. ती ज्यांनी पाहिली असेल त्यांनी विंडोलँडातली मिरीची नोंद जरूर वाचावी. सातवाहनांच्या काळातला महाराष्ट्र आणि ही थंड छावणी यांचे ग्राहक-व्यापारी एकाच साखळीतले होते.

जे ऐकू येत नाही

या म्युझियमची एक मर्यादा सांगायलाच हवी, आणि ती म्युझियमची चूक नाही. इथलं सगळं लेखन जिंकणाऱ्यांच्या बाजूचं आहे. मूळच्या ब्रिटन लोकांबद्दल एका ढलपीत लष्करी टिपण आहे: त्यांच्याकडे चिलखतं नाहीत, घोडेस्वार पुष्कळ आहेत, पण तलवारी वापरत नाहीत आणि हे फडतूस ब्रिटनडे भाले फेकायला घोड्यावर नीट बसतही नाहीत. त्या लोकांना रोमनांबद्दल काय वाटे, याची एकही ढलपी नाही, कारण ते लिहीत नव्हते. 

आणि २०१० मध्ये सैनिकांच्या एका खोलीच्या कोपऱ्यात, फरशीखालच्या उथळ खड्ड्यात, दहाएक वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा सांगाडा मिळाला. वस्तीच्या आत प्रेत पुरायला रोमन कायद्यानं मनाई होती, म्हणजे हे लपवून केलेलं काम. दातांच्या कवचात लहानपणी प्यायलेल्या पाण्याची रासायनिक खूण राहते. तिच्यावरून ते मूल भूमध्य समुद्राकडच्या उबदार प्रदेशात वाढल्याचं कळलं. इतक्या लांब ते कसं आलं आणि त्याच्याबाबतीत काय घडलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मोजे, बिअर आणि वाढदिवस यांच्या गोडव्यात सीमेची ही बाजू नजरेआड होऊ देऊ नये.

जायचं असेल तर

न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेमार्गावर हेक्सम किंवा हॉल्टव्हिसल इथं उतरावं. मोसमात भिंतीच्या कडेनं एडी १२२ क्रमांकाची बस धावते. क्रमांकातच भिंतीचं साल आहे. बस आणि म्युझियमच्या वेळा हिवाळ्यात बदलतात, आधी बघून घ्या. आधी वरची छावणी, मग म्युझियम असा क्रम ठेवा, कारण कुठल्या थरातून काय निघालं ते समजायला जमीन आधी पाहिलेली बरी. वसंतापासून शरदापर्यंत उत्खनन चालू असतं आणि खणणाऱ्यांत स्वयंसेवक बरेच असतात, त्यांना प्रश्न विचारायला संकोचू नका. १९७० मध्ये स्थापन झालेला विंडोलँडा ट्रस्ट हे सगळं चालवतो. जागेचा जेमतेम चौथा हिस्साच आजवर खणून झाला आहे.

त्याच ट्रस्टचं रोमन सैन्यावरचं दुसरं म्युझियम पश्चिमेला कारव्होरनला आहे, मॅग्ना या छावणीला लागून. मॅग्नाच्या पाणथळ जमिनीतलं पाणी उन्हाळ्यागणिक कमी होत चाललं आहे. थर वाळले की त्यांत हवा शिरते, आणि इतकी शतकं टिकलेलं चामडं-लाकूड खणायच्या आधीच कुजायला लागतं. म्हणून तिथं जमिनीत उपकरणं पुरून ओलावा आणि आम्लता मोजतात, आणि २०२३ पासून उत्खननही हाती घेतलं आहे. २०२५ मध्ये तिथल्या खंदकातून जोडे निघाले, त्यांतले काही तळव्याला ३२ सेंटिमीटरच्या आसपास, विंडोलँडातल्या बहुतेक जोड्यांपेक्षा कितीतरी मोठे. एवढ्या मोठ्या पायांची कोणती पलटण तिथं होती, याचा शोध सध्या चालू आहे.